मेश्राम सर आणि माझी रजा

सहा वाजले की मेश्राम सर खुर्ची आत सरकवत आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "चला, मी निघालो. जग सांभाळा!" आमच्या खराडीच्या कंपनीत सहाला उठणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. पण हा भंडाऱ्याचा माणूस वाघोलीच्या घरी जाऊन भाजी चिरायचा, बायकोबरोबर फिरायला जायचा आणि सकाळी हसत हजर व्हायचा. आम्ही त्यांना मनातल्या मनात आळशी म्हणायचो.

मी मात्र सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप सोडत नव्हते. शनिवार पेठेतल्या घरी आई विचारायची, "आपला मुक्काम किती दिवस? पाहुण्यांचा टॉवेल काढायचा म्हणून विचारलं." मला त्यावर हसूही येईनासं झालं होतं. झोप उडालेली, छातीत धडधड, आणि हौसेने शिकलेल्या कामाचाच वीट आलेला. माझ्यावाचून क्लायंटचं नवं सॉफ्टवेअर ठरल्या तारखेला जाणार नाही, एवढंच डोक्यात.

एकदा जेवण झाल्यावर सरांनी विचारलं, "काय होतं आज डब्यात?"

"नेहमीचंच. पोळी-भाजी."

"पुरणपोळी होती, बाप्पा! वाढदिवस हाय ना तुझा? अर्धी मलेच देल्ली तू."

मी रिकाम्या डब्याकडे बघत राहिले. तुपाचा वास येत होता, पण खाल्ल्याचं काही केल्या आठवेना. भयंकर घाबरले आणि तिथेच रडायला लागले.

सर हळूच म्हणाले, "मीबी असाच झालो होतो. बायकोचं नाव आठवाले वेळ लागला. तवापासून सहाले घरी जातो. तू नुसती थकली नाही, पार संपून राहिली. डॉक्टरले दाखव, रजा घे. इथलं मी पाहतो."

डॉक्टरांनीही महिनाभर रजा घ्यायला सांगितली. माझा फोन आईने तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला. आधी मी नुसती झोपतच होते. मग एका दुपारी फोडणीचा वास आला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "आई, आज काय केलंयस?"

"आलात का?" आई म्हणाली. "या, बसा." आम्ही दोघी खो खो हसलो.

कामावर परतताना धास्ती होती. माझा सगळा भार सरांनी एकट्याने ओढला असणार.

"सर, माझं काम कुणी केलं?"

"कोणीच नाही. तसंच पडून हाय."

"अहो, पण क्लायंट?"

"फोन केला त्याईले. म्हटलं, महिनाभर उशीर होते. ते म्हणले, बरं."

आधी मी चिडले, मग हसत सुटले. ज्या तारखेला मी इतकी घाबरत होते, ती एका फोनने पुढे सरकली होती, आणि तो फोन करावा असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

सर निवृत्त होऊन भंडाऱ्याला गेले. आता असे फोन मी करते. दर वेळी 'बरं' ऐकायला मिळतं असं नाही, पण मी विचारते.