विहीणबाईंची खिडकी

फोन आला तेव्हा मी यवतमाळहून दिग्रसला परत येत होते. एसटी दारव्ह्याच्या स्टँडवर उभी होती, ड्रायव्हर चहा प्यायला उतरला होता. मुलगी म्हणाली, "आई, कुठवर आली? ... आमच्या आई गेल्या." तिच्या आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई, कमलबाई. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. याला आता दीड महिना होईल.

कमलबाईंची आणि माझी पहिली भेट मुलांच्या लग्नातली. वऱ्हाड वणीहून यायचं होतं. मी दारात ओवाळायचं ताट घेऊन उभी, मुहूर्त टळायला आलेला, आणि गाडीचा पत्ता नाही. शेवटी गाडी आली. नवरदेवाच्या आई उतरल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलात माखून. उशिराचं कारण विचारलं तर डोळे मोठे करून सांगू लागल्या, की दारव्ह्याजवळ एका शेतात कोणीतरी विहिरीवर सिमेंटची मगर बसवली आहे, फुटक्या कपबश्यांचे दात लावलेत, आणि मोटर चालू केली की तिच्या तोंडातून पाणी पडतं. पण लाइन नव्हती. म्हणून लाइन येईस्तोवर सगळं वऱ्हाड बांधावर थांबलं! मला तेव्हा स्वतःच्या शिष्टपणाचा फार अभिमान. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी अशी उभी आहे, जणू तोंडात लिंबाची बी अडकली आहे आणि चारचौघांत थुंकता येत नाही. पुढे दोन वर्षं मी नातेवाइकांत सांगत फिरले, की पोरगी वेड्यांच्या घरात पडली. अर्धं आयुष्य त्याच रस्त्यानं ये-जा केलेली मी... मगर मात्र एकदाही पाहिलेली नव्हती.

नंतर जावयांची नोकरी दिग्रसला आली आणि विहीणबाई माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आल्या. तिथंच त्यांना काचबिंदू निघाला. उजवा डोळा आधी गेला, डावाही हळूहळू मिटत चालला. लेक-जावई दोघंही नोकरीवर, म्हणून दर महिन्याला यवतमाळच्या डॉक्टरांकडे त्यांना मी नेत असे. दिसत नव्हतं तरी खिडकीची जागा त्यांनाच लागे. चाकं फिरली की विचारणं सुरू : "विहीणबाई, काय दिसून राह्यलं?" मी म्हणायची, शेतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला झोप प्यारी. एकदा त्यांना गप्प करावं म्हणून मी एक बाईच बनवली. म्हटलं, एका घराच्या टाकीवर सिमेंटची बाई आहे, सायकलवर बसलेली, पदर मागं उडतोय. काम झालं. त्या यवतमाळपर्यंत गालातल्या गालात हसत बसल्या आणि मी घोरले.

त्यांनी ती सायकलवाली सगळ्या गल्लीला सांगितली. इथपर्यंतही ठीक होतं. पुढच्या महिन्यात मात्र बरोबर अंदाज बांधून त्यांनी कंडक्टरला घंटी मारायला लावली आणि माझा हात धरून खाली उतरल्या. त्यांना तिच्या पदराला हात लावून पाहायचा होता. एसटी निघून गेली. ऊन तापलेलं, दोन्हीकडे सोयाबीन, घराचं नाव नाही... काय सांगणार? सांगितलं खरं काय ते. मला वाटलं रडतील, निदान विहिणीसारख्या चार शब्द ऐकवतील. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "मले दिसत नाही. तुमाले त दिसते न? मंग तुमी काहून पाहत नाही?"

दुसऱ्या गाडीत त्यांनी खिडकी मला दिली आणि स्वतः कडेला बसल्या. त्यानंतर "काय दिसून राह्यलं" हा प्रश्न बंद. दोन महिने बंद. मीच मनात म्हटलं, हिच्यापाशी आता बाहेरचं जग पोचवणारी मी एकटी, आणि मीच खोटी निघाले. तेव्हा कुठं, वयाच्या सत्तराव्या वर्षी, मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

तिसऱ्या खेपेला न विचारता बोलले. म्हटलं, शाळेच्या भिंतीवर वाघ काढलाय, पण पट्टे ओढता ओढता पेंटर कंटाळला असावा, मागचा एक पाय कोराच राहिलाय. त्यांनी कान माझ्याकडे केला. मग हळूच, "कोनता?" डावा, मी म्हणाले. त्यांनी कंडक्टरला हाक मारली, "दादा, जरा वाकून पाहा बरं, वाघाचा डावा पाय कोरा हाये का?" तो बिचारा माझ्या डोक्यावरून वाकला. "हाये न, आजी. मी आजच पाह्यला." विहीणबाई मागं टेकल्या. "बरं," म्हणाल्या, "मंग, पुढं?"

शेवटच्या वर्षात त्यांचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना. मग मी एकटीच जाऊ लागले. लेकीला सांगायची, यवतमाळच्या बँकेत काम आहे. संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी बसून रस्ता सांगायचा, गावामागून गाव, उजवी बाजू, मग डावी. त्या मध्येच अडवून रंग विचारत. माहीत नसेल तर मी "नाही पाह्यला" म्हणायला शिकले होते. फोन आला त्या दिवशीही मी बँकेतूनच येत होते!

परवा पुन्हा तशीच निघाले तर मुलगी दारात आली. म्हणाली, "आई, यवतमाळात तुझं खातंच नाही, हे आम्हाले पहिल्यापासून माहीत होतं." मी पिशवी उचलली आणि निघाले.

दारव्हा सोडल्यावर एका मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावर मोर दिसला. मान जुन्या सायलेन्सरची, पिसारा चाकांच्या आऱ्यांचा, डोक्यावर तुरा म्हणून तीन नट. रंग दिलेला नाही, सगळा गंजका. सवयीनं हे मी मोठ्यानं बोलून गेले असेन, कारण शेजारची बाई दचकून माझ्या अंगावरून बाहेर पाहू लागली. "कुठं, मावशी? मी त रोज येतो इथून."

तोवर दुकान मागं गेलं होतं. "येताना ड्रायव्हरच्या बाजूनं बसजो," मी तिला म्हणाले, "आन झोपू नको."