तोफवाले काका नापास होतात

आमच्या इमारतीत वर्तमानपत्र घेणारी बिऱ्हाडं कमी होती, कारण तिसऱ्या मजल्यावर तोफवाले काका राहत. चहा पुन्हा गरम करू का, हे काकू त्यांना सकाळी विचारत आणि तळमजल्यावरच्या शिंप्यालाही उत्तर द्यावंसं वाटे. मुलीच्या सासूचा स्वभाव, जावयाचं पोट, दुसऱ्या मजल्यावरची बाई कशी शिष्ट आहे, हे सगळं जिन्यावरून पायरीपायरीने खाली उतरे. ते शिष्ट बाईंच्या कानावरही पडे. दोनएक वर्षांत बाईंच्या वागण्यात सुधारणा झाली, हे सर्वांनी मान्य केलं होतं.

काकांची उभी नोकरी सैन्यात, तोफेवर गेली. तोफेजवळ कान हा अवयव पहिला गोळा सुटेपर्यंतच कामाचा असतो. पुढे हुकूम कोणालाच ऐकू येत नाही. तुकडीचा म्होरक्या हात वर करतो, सगळे त्या हाताकडे बघतात, हात खाली आला की दोरी ओढायची. कानात कापूस घालणाऱ्याला त्या काळी 'नवरीबाई' म्हणत. काकांनी नवरीबाई व्हायचं नाकारलं आणि कान देऊन टाकले.

अर्थात हे त्यांना मान्य नव्हतं. "मला स्वच्छ ऐकू येतं. हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात."

"मी तोंडातल्या तोंडात बोलते?" काकू गरजत. समोरच्या छपरावरची कबुतरं उडत.

काकूंचा आवाज मुळात बारीक, सुईसारखा. लग्नानंतर तो ताणून ताणून त्यांनी भोंग्याच्या पंगतीला नेऊन बसवला होता. तेव्हा नोकरीपायी कान गेलेल्या माजी सैनिकांना भरपाई मिळते, शिवाय दोन्ही कानांची चांगली यंत्रंही मिळतात, अशी बातमी जावयाने आणली आणि काकूंनी ती उचलून धरली. काका तयार होईनात. शेवटी काकूंनी दोन दिवस बोलणं बंद केलं. काकांच्या ते लक्षात आलं नाही, पण इमारतीची फार गैरसोय झाली. शिंपी वर जाऊन काकांच्या हातापाया पडला आणि काका निघाले.

सैनिकी दवाखान्यात काच लावलेली एक बंद खोली असते. आत माणसाला कानावर हेडफोन चढवून बसवतात. काचेपलीकडे एक मुलगी बारीकमोठे सूर सोडते. सूर ऐकू आला की बटण दाबायचं.

काका आत गेले, ताठ बसले आणि पास होऊन बाहेर आले. नुसते पास नव्हे. 'श्रवणशक्ती तरुणासारखी, भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही,' असा शेरा मिळाला. काकांनी तो जिन्यात थांबून थांबून प्रत्येकाला सांगितला. आम्ही अभिनंदन केलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

"एकही सूर सुटला नाही!" घरात शिरताच त्यांनी जाहीर केलं.

"ऐकू आले?" काकूंनी विचारलं. शिंप्याने मशीन थांबवलं.

"ऐकू कशाला यायला हवेत? सूर सोडताना त्या पोरीचं कोपर हलतं. कोपर हललं की दाबलं."

वरून धपकन आवाज आला. काकू खाली बसल्या असाव्यात.

"अहो, ती काय तोफ होती?"

"हात हलला की ओढायचं, हे हाडात गेलंय माझ्या. आणि नापास कसा होऊ? आमच्या तुकडीत कोणी नापास झालेलं नाही!"

"तुमच्या तुकडीत कोणाला ऐकूही येत नाही!"

काकूंनी फेरतपासणी मागितली. ती मिळाली, पण आता खुद्द मोठे डॉक्टर हजर राहणार होते. त्यानंतर तिसरी संधी नव्हती. इमारतीत दोन तट पडले. काकांना यंत्रं मिळावीत असं सगळ्यांनाच वाटत होतं. ती मिळाल्यावर आपल्याला बातम्या कोण देणार, हेही सगळ्यांनाच वाटत होतं. शिष्ट बाई तेवढ्या निःसंदिग्धपणे यंत्रांच्या बाजूने होत्या.

पुढचं काकूंनी स्वतः सांगितलं, सवयीप्रमाणे सर्वांना एकदम.

मोठे डॉक्टर कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी आधीचा निकाल पाहिला, काकांकडे पाहिलं. "बाई, यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग कशाला आलात?"

"यांना काचेकडे पाठ करून बसवा," काकू म्हणाल्या.

तसं बसवलं. काका लगेच वळले. पुन्हा बसवलं, पुन्हा वळले. हुकूम येतो त्या दिशेला पाठ करणं त्यांना जमेना. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. तेव्हा काकूंनी एक खुर्ची उचलली, आत नेली आणि काकांच्या पुढ्यात ठेवून तिच्यावर बसल्या.

"बाई, तुम्ही आत कशाला?"

"आता माझ्याकडे बघतील. माझ्यासमोर दुसरीकडे बघायची यांची टाप नाही."

तपासणी सुरू झाली. काकूंनी हातपाय हलवले नाहीत, पापणीही फार हलवली नाही. काका त्यांच्याकडे बघत राहिले. जाड, घुमणारे सूर आले तेव्हा त्यांनी बटण दाबलं. मग सूर बारीक होत गेले आणि काकांचा अंगठा थांबला. मागे ती मुलगी आवाज वाढवत होती, वाढवत होती, शेवटी तिनेच कपाळाला आठ्या घातल्या. म्हणे इतका वेळ एकमेकांकडे बघायचा योग लग्नातसुद्धा आला नव्हता.

तपासणीचा आलेख हातात घेऊन डॉक्टर स्वतः दार उघडून आत आले. "हे म्हातारपणाचं नाही. म्हातारपण असं ठरावीक ठिकाणी खड्डा पाडत नाही. हा तोफेचा खड्डा आहे. पुरुषांचे जाड आवाज बरेचसे पोचतात यांना. बारीक आवाज पार गेलाय. म्हणजे बघा, साधारण…" ते काकूंकडे बघून थांबले.

"माझा," काकू म्हणाल्या.

"पण बाई, ओरडून चालतंच की तुमचं. आमच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत आवाज जातो."

"चालतं हो. पण डॉक्टर, काही गोष्टी ओरडून सांगितल्या की भांडण वाटतात. लग्न झाल्यावर थोडे दिवस हळू बोलले होते यांच्याशी. मग यांना तोफेवर घेतलं. एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती अजून तशीच आहे."

कोणती, ते त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नाही आणि आम्हालाही नाही.

काका नापास झाले. घरी येताना पराभूत सेनापतीसारखी मान खाली. काकूंनी मात्र मजल्यामजल्यावर बिस्किटं वाटली. नवरा नापास झाला म्हणून बिस्किटं वाटणारी बायको आम्ही प्रथमच बघत होतो. शिंप्याने दोन घेतली.

भरपाई मंजूर झाली आणि काही दिवसांनी यंत्रं कानात बसली. त्या संध्याकाळी इमारत सुनी झाली. चहाचं विचारलं गेलं की नाही, कळेना. लोक उगाच दारं उघडून बघू लागले. आणि अचानक तिसऱ्या मजल्यावरून काका कडाडले,

"नाही गं! मी असं कधी म्हटलं?"

काकांना यंत्रं मिळाली होती, पण आवाज लहान करायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. प्रश्न आता गुप्त झाले होते. उत्तरं पूर्वीसारखीच सार्वजनिक होती.

"बरं, म्हटलं असेन! पण तुझ्या आईला ऐकू जाईल असं वाटलं नव्हतं!"

जिन्यात गर्दी जमली.

"कोण, शिंपी? माणूस सोन्यासारखा आहे! पायजमे आखूड शिवतो!"

शिंपी एक पायरी खाली उतरला.

शिष्ट बाई भाजीची पिशवी हातात धरून उभ्या होत्या, तीही त्यांनी खाली ठेवली नाही. काकू वर काहीतरी बोलत होत्या, हळू, पहिल्यासारखं बारीक, आणि आमच्यापैकी कोणाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग काकांचा आवाज आला, अख्ख्या तुकडीला ऐकू जाईल असा,

"मलाही! पहिल्या दिवसापासून!"

आणि त्यावर काकू, जुन्या सवयीने, भोंग्यासारख्या,

"अहो, हळू! लोक ऐकतात!"