पाणी पाहिजे तर पळू नको

"तू हात नको लावू, बाई. घागर खाली ठेव अन् मागं सर."

अक्का असं म्हणाली. मऊ आवाजात. तिनं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. तशी तिला गरजच पडली नव्हती. गावातली निम्मी जमीन तिच्या घरची, आणि त्या उन्हाळ्यात पाणी देणारं एकच बोअर उरलं होतं, तेही तिच्या घरचं.

मी घागर खाली ठेवली. मागं सरले. तिच्या कामाच्या बाईनं नळी कमरेइतकी उंच धरली आणि पाणी सोडलं. अर्धं घागरीत, अर्धं चिखलात. त्या दिवसांत तांब्याभर पाण्यावरून बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. आणि माझ्या घागरीला नळी लागू नये म्हणून इथं पाणी सांडत होतं.

"आजाराचं काय सांगता येतंय," अक्का बाकीच्या बायांना म्हणाली. "आमच्या घरात लेकरं हायती."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तहानली असशील. पी घोटभर."

मी ओंजळ केली. तिनं तांब्यानं वरून धार सोडली. मी प्याले.

हे मी आधी लिहून ठेवते. मी प्याले. माझी मान कोणी धरली नव्हती.

मला छातीचा कॅन्सर झाला होता. डावं थान काढलं होतं. हा आजार शिवल्यानं होत नाही. अक्काला ते माहीत होतं. तिचा मुलगा लातूरला औषधाचं दुकान चालवत होता. तिला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

आणि ही वरची धार मी ओळखत होते. लातूर नवा जिल्हा झाला त्या सालात मी लग्न होऊन या गावात आले. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या. माझी सासू मात्र घागर लांब ठेवून उभी राहायची आणि कोणी वरून पाणी घालायची वाट बघायची. पुढं आमच्या वस्तीत हापसा आला आणि ते थांबलं. मला वाटलं, पद्धत मेली. मेली नव्हती. आमच्याकडं पाणी होतं तोवर तिला काम नव्हतं, एवढंच. हापसा कोरडा पडला आणि ती आली. या वेळी आजाराचं नाव घेऊन आली.

मी चौथी शिकले. तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात कामाला होते. झाडणं, भाजी निवडणं, रात्रीची राखण. त्यातल्या मोठ्या मुली पोलीस भरतीची तयारी करायच्या. पहाटे पाचला रस्त्यानं पळायच्या. रेक्टरबाई मला म्हणाल्या, "मावशी, काठी घेऊन यांच्या मागं जा. रस्ता चांगला न्हाई." चालत गेले तर मुली दिसेनाशा व्हायच्या. म्हणून मी पळू लागले. तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते. नवरा वारला होता, मुलगी शिकून नांदेडला नर्स झाली होती. पहिल्या दिवशी ओकले. महिन्याभरात मुलींच्या बरोबरीनं पळत होते. लुगड्याचा काचा मारून. आयुष्यात मी जे काही केलं ते दुसऱ्याच्या घरासाठी, दुसऱ्याच्या शेतासाठी. पळणंही कामच होतं. पण ते माझ्या अंगाला लागलं.

आठ वर्षं पळाले. मग गाठ लागली.

मुलीनं नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, थान काढावं लागेल. मी म्हणाले, काढा. मुलगी म्हणाली, "माय, त्याच वेळी आत फुगा बसवून घेऊ. पुढं त्याच्या जागी कायमचं बसवतात." मी म्हणाले, मला कोणाला दाखवायचंय? ती म्हणाली, "दाखवायला न्हाई. एका अंगाला वजन अन् एका अंगाला काहीच न्हाई. पळताना वाकशील. पाठ धरंल."

तिथं मी हो म्हणाले. मला सुंदर दिसायचं नव्हतं. मला सरळ पळायचं होतं.

छातीच्या मांसाखाली रिकामा फुगा ठेवला. दर पंधरा दिवसांनी नांदेडला जायचं आणि डॉक्टर सुईनं त्यात मिठाचं पाणी भरायचे. कातडी ताणायची. दोन दिवस दगड बांधल्यासारखं वाटायचं. बसच्या खिडकीतून कोरड्या विहिरी बघत मी परत यायचे. गावात पाणी नाही आणि माझ्या छातीत भरतायत. हसू यायचं. हसलं की टाके ओढायचे.

हात वर जात नव्हता. मुलीनं सांगितलं, भिंतीवर बोटं चालव, खालून वर. जिथं थांबशील तिथं कोळशानं खूण कर. पहिली खूण माझ्या खांद्याच्याही खाली होती. सहा आठवड्यांनी डोक्याच्या वर गेली. डॉक्टर म्हणाले, आता भरभर चाला. मग हळूहळू पळा. घट्ट बांधून. डाव्या हातानं वजन उचलू नका. मी एकावर एक दोन बॉड्या घातल्या, वरून जुन्या लुगड्याची पट्टी आवळली आणि रस्त्याला लागले.

पाणी नाही म्हणून वसतिगृह बंद झालं होतं. मुली घरी गेल्या होत्या. रेक्टरबाई म्हणाल्या होत्या, "जूनमध्ये पळता आलं तर या. न्हाईतर दुसरी बाई बघावी लागंल." म्हणून एकटीच पळत होते. पळणं कसलं, शंभर पावलं पळायचं, दोनशे चालायचं. फुगा आतून धक्के द्यायचा. रस्ता अक्काच्या घरासमोरून जातो. दुसरा रस्ता नाही.

पाण्याला गेले की ती वरची धार. पंधरा दिवस ती एकट्या माझ्यासाठी होती. मग एका सकाळी अक्का म्हणाली, "वस्तीतल्या सगळ्याच घागरी खाली ठेवा. कोण कोणाच्या घरात उठतंय, बसतंय, कसं कळावं?" झालं. आमच्या सगळ्या बाया मागं सरल्या. कोणी अक्काला काही म्हणालं नाही. घरी येताना माझी जाऊ मला म्हणाली, "तुझ्यापायी आमच्याही घागरी खाली आल्या."

माझ्यापायी. मला ते खरंच वाटलं. चार दिवस मी मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी बोअरवर वीस-पंचवीस बाया होत्या. अक्का खुर्चीत बसली होती. मला म्हणाली, "काय ग, पहाटं पळायलीस म्हणं? पळायला जोर हाय, अन् पाणी वाढून लागतंय?"

बाया हसल्या.

"सरकारनं नवी छाती बसवून दिली म्हणं तुला. खरं का?"

मी घागर खाली ठेवली.

"बघू तरी. कसली केलीय? इथं सगळ्या बायाच हायत. लाजायलीस कशाला? या वयात हौस करताना न्हाई लाजलीस."

एक म्हातारी म्हणाली, "दाखव की ग, अक्का एवढी म्हणायली तर." कोणीतरी म्हणालं, "रबराची असती." पुन्हा हसल्या. आमच्या वस्तीतल्याही दोघी हसल्या. जाऊ खाली बघत होती. एकीनं माझा पदर धरला. गमतीनं. ओढला नाही, नुसता धरला.

मी तिचा हात काढला. घागरीजवळ गेले. कामाच्या बाईच्या हातातून नळी घेतली, घागरीच्या तोंडात घातली आणि घागर काठोकाठ भरली. एक थेंब सांडला नाही. मग नळीला तोंड लावलं आणि पोटभर प्याले.

कोणी हसलं नाही.

अक्का म्हणाली, "मोटार बंद कर." तोच मऊ आवाज.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या वस्तीला पाणी बंद. मी तहसीलला गेले. अर्ज द्या म्हणाले. लिहून दिला, माझ्या अक्षरात. टँकरच्या यादीत नाव टाकतो म्हणाले. बाया नदीत जाऊन वाळूत झिरे उकरू लागल्या. तासभर बसलं तर एक कळशी, तीही गढूळ. मी उजव्या हातानं लहान कॅन न्यायचे. जाऊ माझ्या शेजारी बसून उकरायची. बोलायची नाही.

दहाव्या दिवशी तिची नात जुलाबानं पडली. दोन वर्षांची. दवाखान्यात सलाईन लावलं. जगली. मी बघायला गेले तर जाऊ दारातच आडवी उभी राहिली.

त्या संध्याकाळी सगळ्या माझ्या घरी आल्या. अक्कानं निरोप धाडला होता. माफी मागायची गरज नाही. पाणी उद्यापासून चालू. फक्त मी रस्त्यानं पळणं बंद करायचं. वस्तीतली बाई पहाटं काचा मारून दारावरून छाती हलवत जाते, ते चांगलं दिसत नाही.

जाऊ म्हणाली, "तुला काय पळून बक्षीस मिळणार हाय? लेकरं मरायची वेळ आलीय इथं."

मी म्हणाले, "बरं."

आठ दिवस पळाले नाही. पाणी आलं. वरून आलं, पण आलं. वस्तीत भांडी घासल्याचा आवाज आला. जाऊनं माझ्यासाठी भाकरी धाडली. सगळ्या गोड बोलत होत्या. मला ते गोड बोलणं अंगावर चढणाऱ्या मुंग्यांसारखं वाटायचं. मी ओसरीवर बसून राहायचे. भिंतीपाशीही जात नव्हते. आठव्या दिवशी हात वर करून बघितला तर कोळशाच्या खुणेच्या वीतभर खालीच अडकला. कातडी आवळली होती. दुखलं म्हणून नाही सांगत. मला कळलं, ते सांगते. अक्कानं मला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. तिनं फक्त सांगितलं होतं आणि मी माझं अंग तिला देऊन टाकलं होतं. काय हलवायचं, कधी हलवायचं, ते ती ठरवत होती. आणि पाणी पिऊन वस्ती खूश होती. मीही पाणी पीतच होते.

नवव्या दिवशी पहाटे उठले. पट्टी आवळली. पळाले. अक्काच्या दारावर आले तेव्हा ती अंगणात उभी होती. मी थांबले नाही. तिच्याकडं बघितलंही नाही. खोटं कशाला सांगू, बघायची हिंमत नव्हती. पाय हलत होते तेवढं पुरे होतं.

सकाळी बोअर बंद झालं.

त्यानंतर वस्तीत माझ्याशी कोणी बोललं नाही. टँकर आला तेव्हा पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते. जूनमध्ये वसतिगृहात गेले. रेक्टरबाई म्हणाल्या, दुसरी बाई ठेवली. मी म्हणाले, मी पळू शकते, बघा. त्या कागद चाळत राहिल्या.

दिवाळीआधी फुगा बिघडला. वरची कातडी पातळ झाली, लाल झाली, पू धरला. डॉक्टरांनी काढून टाकला. म्हणाले, "पळायला कोणी सांगितलं होतं?" त्यांनीच सांगितलं होतं. मुलगी म्हणते, पळण्यानं नाही झालं, कोणालाही होतं. मला माहीत नाही. पळण्यानं झालंही असेल. ती जागा आता खड्ड्यासारखी आहे. पुन्हा बसवू म्हणाले. मी नको म्हणाले.

जावेच्या नातीचे जुलाब माझ्या माथी आहेत. ते मी उतरवत नाही. पण सगळे माझ्या एकटीच्या माथी आहेत, हेही मी मानत नाही. मोटारीचं बटण माझ्या हातात नव्हतं.

आता मी साठीच्या पुढं आहे. डाव्या अंगाला झुकते, पाठ धरते, दीड मैल होतो. यंदा पुन्हा हापशाला पाणी नाही. परवा जाऊ आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चहा टाकला. ती म्हणाली, "अक्का आता खाटंवर हाय. सून कारभार बघती. शिकलेली हाय. ती म्हणती, येऊ द्या वस्तीला, नळीला हात लावला तरी चालंल."

मी म्हणाले, "अन्?"

"अन् काय?"

"अन् पुढचं सांग."

जाऊ चहाकडं बघत म्हणाली, "तेवढं पहाटंचं पळणं... त्यांच्याकडं पाव्हणे येतात म्हणं. शेताच्या कडंनं पळावं, घरावरून नको."

मी म्हणाले, "तिला सांग, पाच वाजता जाणार हाय. घरावरूनच."

"अन् पाणी बंद केलं तर?"

"तर मोटार बंद करणारा हात धरा. माझा पाय धरू नका."

"ते आमच्यानं व्हत न्हाई," जाऊ म्हणाली.

"मग तसंच सांग तिला. माझ्यानंही हे व्हत न्हाई."

ती उठली. चहा तसाच राहिला. आता ती पुन्हा बोलणार नाही, वस्तीही बोलणार नाही, आणि बोअर बहुतेक सोमवारपासून बंद होईल. होऊ दे. मी पळणार आहे.