मुक्ताच्या टबांतलं भात

"आत्या, सोमवारी कापणी आहे. बघायचं तर रविवारीच ये. आणि बाबांना आण, कसंही करून!" भाचीचा, मुक्ताचा, फोन आला तेव्हा मी काहीही कबूल करून बसले असते. इतकी लाडकी आहे कार्टी.

पण दादाला आणणं सोपं नव्हतं. मुक्ता चांगली नोकरी सोडून पीएचडी करतेय, भातात शेवाळ वाढवण्यावर. आणि माझ्या या भावाचं अर्धं बालपण कोकणात खाचरातलं शेवाळ काढून बांधावर फेकण्यात गेलेलं. "शेवाळ वाढवायला एवढं शिकवलं होय हिला?" हे त्याचं पालुपद. लावणीपासून एकदाही तिकडे फिरकला नव्हता, आणि लेक मनातल्या मनात झुरत होती.

ठाण्यात नौपाड्यातून सकाळी सातला गाडी काढली. माजिवड्याहून नाशिक हायवे, माणकोलीला उजवीकडे वळून खाडीवरचा नवा पूल, की उतरलात थेट डोंबिवली पश्चिमेत. तिथेच कोपरला दादा कडक इस्त्रीच्या शर्टात त्याच्या सोसायटीच्या गेटवर हजर.

"मी फक्त तुला सोबत म्हणून येतोय हं."

"हो रे बाबा, बस."

कल्याणला मिसळ खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. दोघांचं चहासकट दोनशेत भागलं. टिटवाळ्याकडचा रस्ता मधूनमधून खोदलेला आहे, छोटी गाडी जपून हाका. मग एका आतल्या वाटेला मुक्ताच्या कॉलेजची जागा, वर हिरवी जाळी, खाली टबांच्या दोन रांगा. आणि त्यांत पिवळं झालेलं भात! अहाहा, काय दिसत होतं!

मुक्ताने समजावलं. डावीकडे नुसतं भात, उजवीकडे भात आणि शेवाळ. दोन्हीकडच्या पाण्यात मोजून घातलेलं आर्सेनिक, म्हणजे आपला जुना सोमल. गंगेकाठच्या कितीतरी गावांत ते जमिनीतूनच पाण्यात येतं आणि भातातून पोटात जातं. शेवाळ ते आधीच स्वतःत ओढून घेतं, त्यामुळे दाण्यापर्यंत कमी पोचावं अशी आशा. मग ते विषारी शेवाळ गोळा करून वेगळं काढायचं.

"पाणी केवढं ठेवतेस?" दादाने विचारलं. पहिला प्रश्न! मुक्ता इतकी खुलली की विचारू नका.

ती मला वही दाखवायला बाजूला घेऊन गेली. प्रत्येक टबातली लोंबी न् लोंबी मोजून लिहिलेली. आम्ही परतलो तर दादाच्या खिशातून पाच लोंब्या डोकावत होत्या.

"बाबा! हे काय?"

"परवा दसरा ना! दाराला नवं नको बांधायला?"

आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या तोरणात बांधतात. पिकलेलं भात दिसलं आणि याचा हात आपोआप गेला. मुक्ताचा चेहरा पांढराफटक. कुठल्या टबातल्या ते कळलं नाही, तर दोन्ही रांगांचा हिशेब बिघडणार. मला तर दादाच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

दादा मात्र शांतपणे उजवीकडच्या दुसऱ्या टबाशी बसला. एकेक लोंबी तुटक्या काडीला लावून दाखवली. पाचही जुळल्या. मुक्ताने त्या तपासणीच्या पाकिटात घातल्या आणि मग एकदम थबकली.

"एका लोंबीला दाणा कमी दिसतोय. बाबा, चावून बघितलात?"

"पिकलाय का ते कसं कळणार नाहीतर?"

"अहो, विष आहे त्यात!"

"शेवाळ घेतं म्हणालीस ना ओढून? म्हणून तर तुझ्या शेवाळवाल्याच टबातला घेतला."

"अजून सिद्ध कुठे झालंय!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. त्याला चार-चार वेळा चूळ भरायला लावली, तिच्या गाइड सरांना फोन केला. एका दाण्याने काही होत नाही, ते म्हणाले, पण पुन्हा असं करू नका. दादा गुन्हेगारासारखा उभा. मग वहीत तिने लिहिलं, 'दाणा एक कमी, बाबांनी चावला.' त्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

परतताना त्याला कोपरला सोडून मी घरी आले.

आता घरी बसून लिहिताना वाटतं, एवढ्या छोट्या प्रवासात मी भावाला नव्यानेच भेटले. तिचा निकाल यायला महिने लागतील, आणि तो हवा तसा येईलच असंही नाही. दसऱ्याला दादाला फोन केला तेव्हा वहिनीने उचलला. म्हणाली, यंदा तोरणात नुसता झेंडू नि आंब्याची पानं. बाजारात लोंब्या होत्या, पण यांनी आणू दिल्या नाहीत. शेजाऱ्यांनी विचारलं, तर छाती पुढे काढून सांगतायत, "आमच्या घरचं नवं यंदा तपासणीला गेलंय."