हॉवरक्राफ्टला झेंडूचा हार

हॉवरक्राफ्टचं मॉडेल करायचं म्हणजे वजनाशी भांडण. पंख्याने खाली हवा कोंडायची आणि त्या हवेवर अख्खं यान जमिनीपासून उचलायचं, त्यामुळे त्यात जे जे घालाल ते हलकंच पाहिजे. नागापूरच्या कारखान्यात लोखंडाशी दिवस काढणाऱ्या माणसाने या नादाला लागू नये, मी लागलो.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. प्लायवूड जड म्हणून बाद केलं, प्लास्टिकचा पत्राही बाद. शेवटी वॉशिंग मशीनच्या खोक्यातल्या थर्माकोलचा तळ कापला आणि हवा कोंडायला त्याच्याभोवती जुन्या छत्रीच्या कापडाचा घेर शिवला. शिवला म्हणजे आईने शिवला. तिचा स्वयंपाकघरातला वजनकाटाही मी ढापला होता. तिने सुईत दोरा ओवला की मी म्हणायचो, ‘‘दुहेरी नको, वजन वाढतं.’’ ती पारनेरकडची, शेतात वाढलेली. हसून म्हणायची, ‘‘दोऱ्याला कसलं आलंय वजन? बरं, येकेरी तर येकेरी.’’

मोटर मात्र पहिल्याच फटक्यात बरोबर निवडली होती, ड्रोनची, अंगठ्याएवढी. घरातल्या फरशीवर यान अलगद उचललं गेलं आणि घसरत जाऊन कपाटाखाली अडकलं. आईने टाळ्या वाजवल्या.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दसऱ्याच्या संध्याकाळी पार्किंगमध्ये चालवून दाखवतो आणि दिवाळीत भंडारदऱ्याच्या पाण्यावर सोडतो, असं मी अख्ख्या सोसायटीला सांगून बसलो होतो. एवढ्याशा मोटरची कुरकुर ऐकून लोक हसतील, असं मला वाटायला लागलं. दसऱ्याच्या दुपारी मी ती काढली आणि दणदणीत आवाजाची मोठी मोटर बसवली. तिला बॅटरीही मोठी लागली. त्यानंतर मी वजन केलं नाही. खरं सांगायचं तर करायला घाबरलो.

संध्याकाळी सोनं द्यायला आलेली मंडळी खाली जमली. मी रिमोट हातात घेतला, तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली. आमच्याकडे दसऱ्याला पूजेशिवाय सायकलसुद्धा बाहेर काढत नाहीत. तिने यानाला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. शोधून शोधून लहान फुलांचा केलेला, बांगडीएवढा हार.

मोटर गरजली. धूळ उडाली, आपट्याची पानं उडाली. यान काही जागचं उठलं नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘साहेब, पार्किंग झाडायचं मशीन आहे का?’’ सगळे हसले. माझं तोंड तापलं आणि मी सगळ्यांसमोर आईवर ओरडलो. ‘‘महिनाभर सांगतोय हलकं पाहिजे, हलकं पाहिजे. कोणी सांगितलं होतं हार घालायला?’’ बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की हाराचा काही संबंध नाही.

ती गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, हार काढून ताटात ठेवला आणि म्हणाली, ‘‘लाव आता. व्हईल.’’

मी पुन्हा चालू केलं. काय होणार होतं? आता लोक हसतही नव्हते, इकडेतिकडे बघत होते, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. ‘मी मोटर बदलली’ एवढं एक वाक्य तोंडातून निघेना. मी रिमोटची बटणं दाबत राहिलो, जणू सगळा दोष त्या रिमोटचा.

आई अजून खालीच बसली होती. तिने एकदा यानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ‘‘ह्येचंबी आसंल थोडं वजन,’’ असं म्हणत तिने पदराच्या टोकाने थर्माकोलवरचं कुंकू पुसायला घेतलं.