गोठ्याच्या भिंतीवरचा चार्जर

परवा तुमच्या दारात पार्सल घेऊन जी विजेवरची छोटी मालगाडी आली, ती आदल्या दिवशी कुठं आणि कुणाच्या जिवावर चार्ज झाली होती, हे तुम्ही तिच्या चालकाला कधी विचारलंय?

तशी एक गाडी आमच्या अंगणात उभी असायची. माझा दादा ती चालवतो. गाडी कंपनीची, मेहनत त्याची. त्या गाडीच्या चार्जरनं आमची म्हैस मारली आणि दोन पावलांच्या फरकानं माझ्या वहिनीला सोडलं. त्यानंतर आमच्या घरात जे काही भांडण झालं ते वहिनी जिवंत राहावी एवढ्यासाठीच झालं. म्हणून ते लिहिते आहे.

आमचं घर मुळशी तालुक्यात, भऱ्याला, रस्त्यापासून थोडं आत. वडील, म्हणजे आप्पा, उरवड्याच्या एका कारखान्यात होते, तो बंद पडेपर्यंत. युनियनची पत्रकं आमच्या ओसरीवर घडी घातली जायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेच्या पुस्तकात कमळ होतं, आमच्या घरात कपात होती. आप्पा म्हणायचे, पत्रकाच्या पहिल्या ओळीत कोण कुणाचं काय काढून घेतंय ते आलं पाहिजे, बाकीचं नंतर. तर ती ओळ अशी: कंपनीनं आपल्या डेपोचं काम आमच्या अंगणात आणून टाकलं, आणि ते करायला माझ्या वहिनीला ठेवलं, बिनपगारी.

डेपो पिरंगुटच्या पुढं. चार्जर निवडायची बैठक तिथंच झाली. सूचना इंग्रजीत होत्या म्हणून दादानं मला बरोबर नेलं. सुपरवायझर मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेला, शांत बोलणारा माणूस होता. त्यानं टेबलावर दोन वस्तू मांडल्या होत्या. एक, जाड तीन पिनांची केबल; घरातल्या मोठ्या सॉकेटमध्ये खुपसायची आणि गाडी भरायची वाट बघत बसायचं. दुसरी, भिंतीवर बसवायची पेटी. गाडी लवकर भरते आणि काही गडबड असेल तर लाल दिवा लावून बंद राहते.

"डेपोत फास्ट चार्जर दोनच आहेत आणि गाड्या किती आहेत ते तुम्हाला दिसतंय," तो म्हणाला. "मॅनेजमेंटचा फोकस होम चार्जिंगवर आहे. घरून फुल करून आणा, पहिली ट्रिप तुमची. डेपोत चार्ज करायची असेल तर नंबर लावावा लागेल."

"आन् घरची लाइट गेली तर?" मागून एका चालकानं विचारलं.

"गुरुवारचा मेंटेनन्स सोडला तर कुठं जाते हो एवढी?"

"सायेब, तुमी राहता कुटं? भूगावला, शहराला खेटून? मग बरोबर हाय."

सगळे हसले. सुपरवायझरही हसला.

दादानं पेटी निवडली. त्याच्या ओळखीच्या एकाची तीन पिनांची केबल सॉकेटसकट वितळली होती. पेटी महाग होती, अनामतही जास्त होती, पण घरात बाई-माणूस वावरतं, पेटीच बरी, असं तो म्हणाला. निवड बरोबर होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं जो तो त्यालाच विचारत होता की तू हीच का घेतलीस.

बाहेर पडताना मी डेपोतले ते दोन चार्जर बघितले. त्यांच्या मागं जमिनीत अर्थिंगचे खड्डे होते, सिमेंटची झाकणं असलेले, झाकणांवर हिरवा रंग, तांब्याच्या पट्ट्या नीट आत उतरवलेल्या. यंत्रांसाठी एवढं. आम्हाला मात्र एक कागद मिळाला. त्यात तळाशी लिहिलं होतं की घरच्या अर्थिंगची खात्री चालकानं स्वतः करायची आहे.

आमच्याकडं पावसात गाडी कोरडी उभी राहील अशी एकच जागा होती, गोठ्यापुढची पत्र्याची शेड. म्हणून पेटी गोठ्याच्या भिंतीवर लागली. भिंत कमरेएवढी, वर मोकळी, आणि एका बाजूनं उघडी. गाडीचं तोंड आणि म्हशीचा खुंटा यांच्यात फार अंतर नव्हतं.

म्हैस वहिनीची होती. तिच्या माहेरची पारडी, आमच्या घरी वाढली. दूध भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारे लोक घ्यायचे आणि त्या पैशाचं काय करायचं हे घरात फक्त वहिनी ठरवायची.

पेटी बसवायला नाना आले. नाना म्हणजे गावचे वायरमन, दादाला कडेवर घेऊन फिरलेले. त्यांनी अर्थिंगसाठी खड्डा घ्यायला लावला. गुडघाभर मुरूम निघाला आणि खाली कातळ लागला. कोळसा घातला, मीठ घातलं, वहिनीनं घागरी ओतल्या. पेटीवरचा दिवा लालच.

"जमीनच घेत न्हाई," नाना म्हणाले. "खोल बोर मारून पट्टी सोडावी लागंल."

"उद्या पहिली ट्रिप हाय, नाना," दादा म्हणाला.

मुळशीच्या धरणाचं पाणी घाट उतरतं आणि त्याची वीज पार मुंबईला जाते. आमच्या अंगणात तिला जमिनीत उतरायला वाट नव्हती.

नानांनी पेटी ज्यात लागते ते भिंतीवरचं सॉकेट उघडलं, बोटभर हिरवी वायर कापली आणि आत कुठंतरी जोडली. दिवा हिरवा झाला. दादानं टाळीसाठी हात पुढं केला. वहिनी चहा टाकायला गेली.

"काय केलंत?" मी विचारलं.

"फसवली तिला. ती बघतीया, अर्थिंगची वायर जमिनीत जातीया का न्हाई. मी ती न्यूट्रलला बांधली, म्हंजी करंट माघारी नेनाऱ्या वायरीला. तिला वाटतंय जमीन घावली. सगळीकडं आसंच करतोय आमी."

"धोका?" आप्पांनी ओसरीवरून विचारलं.

"न्यूट्रल शाबूत हाय तवर काय न्हाई," नाना म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

दादा पहाटे निघायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा. गाडीला गन, म्हणजे पेटीच्या केबलचं टोक, लावायची ती वहिनीनं. लाइट गेली की काढायची तीही तिनंच, कारण लाइट परत येताना दणका देते. त्या वाळक्या खड्ड्यात भांड्यांचं पाणी ओतायलाही तिनंच, नानांनी सांगितलं होतं म्हणून. डेपोत ह्या कामाला ड्रेस घातलेला, पगार घेणारा माणूस आहे. मी तसं म्हटलं की ती हसायची.

"वन्सं, माझ्यावर पत्रक काढा. तुमचं पत्रक चुलीला झ्याक लागतंय, लगेच पेटतंय."

श्रावणातली दुपार होती. दिवसभर भुरभुर चालली होती, मधूनच वारा. लाइट गेली. वहिनी भांडी घासत होती, ती ओल्या हातानंच गन काढायला निघाली. पंखा बंद, फ्रिज बंद, म्हणजे वीज नाही. कुणीही हेच समजेल. म्हशीला मान घासायची सवय होती, खुंट्याला, भिंतीला, जे सापडेल त्याला. तिनं गाडीच्या पुढच्या पत्र्याला मान लावली आणि ती खाली बसली. हंबरली नाही. पाय ताठ झाले आणि दावं ताणलं गेलं, तेवढाच आवाज.

वहिनी तिच्याकडं धावली.

"हात लावू नको," आप्पा ओरडले.

"आवो लाइट न्हाई ना."

"हात लावू नको म्हनतोय ना."

आप्पांनी काठीनं मेन स्विच खाली पाडला. लाइट गेलेली असताना मेन स्विच कशाला पाडायचा, हे त्यांना कारखान्यानं शिकवलं होतं. तिथं एक माणूस असाच गेला होता. वहिनी म्हशीपासून दोन पावलांवर, चिखलात, ओले हात पुढं धरून उभी होती. ते हात तिनं बराच वेळ खाली घेतले नाहीत.

नाना आले. म्हशीकडं न बघता आधी त्यांनी खांबाकडं बघितलं. जांभळीची फांदी पडून आमच्या घरात येणाऱ्या दोन वायरींपैकी न्यूट्रल तेवढी तुटली होती.

"फ्रिजचं बटण चालू होतं?"

"व्हय," दादा म्हणाला. तो झोपेतून उठून आला होता, अजून बनियनवर.

"मग फ्रिजमधनं आलेला करंट माघारी जायाला वाट शोधत होता. न्यूट्रल तुटल्याली. ह्या वायरीतनं गाडीच्या अंगावर आला." त्यांनी सॉकेट उघडून ती बोटभर हिरवी वायर काढली आणि तळहातावर ठेवली. "ही मी लावली," म्हणाले आणि गव्हाणीच्या कडेला बसले. त्यांना बोलून काय झालं असतं? त्यांनी ती वायर आमच्या ट्रिपसाठीच लावली होती.

सुपरवायझरला दादानं फोन केला. त्यालाही वाईट वाटलं, खरंच वाटलं असावं. "पण सिस्टीममध्ये जनावरासाठी कॅटेगरीच नाही हो," तो म्हणाला. "आणि अर्थिंगची जबाबदारी तुमच्याकडं आहे." कागद आमच्या फडताळातच होता.

वायर काढल्यावर दिवा लाल झाला. आता तो खरं सांगत होता आणि ते खरं आम्हाला परवडत नव्हतं. खांबावरची न्यूट्रल जोडली गेली, पण गाडी रिकामी आणि ट्रिप दुसऱ्याला. चौथ्या की पाचव्या दिवशी दादानं नानांना बोलावलं.

"तेवढी बोर मारंपत्तूर लावून द्या परत. मी जपून ऱ्हाईन."

वहिनी गोठा झाडत होती. रिकामा गोठाही ती रोज झाडायची.

"लावा की," ती म्हणाली. "पन गन तुमी लावायची आन् तुमीच काढायची. मी त्या गाडीला शिवनार न्हाई."

"आन् मी झोपल्यालो आसंन तवा?"

"तवा म्हशीला सांगा."

दादानं नानांना चहा घ्या म्हणून ओसरीवर नेलं. वायर लागली नाही, आणि बोर मारायला पैसे नव्हते.

आता तो डेपोत नंबर लावतो. गाडी भरेपर्यंत तिथंच बसतो, त्या वेळेचा पगार नाही. पहिल्या ट्रिपा घरून भरून आणणाऱ्यांना जातात, त्याच्या वाट्याला शेवटची येते, थेट ताम्हिणीपर्यंतची, धुक्यात आणि पावसात, एका ढाब्यावर एक पार्सल द्यायचं म्हणून. वहिनी उरवड्याला पॅकिंगच्या कामाला जाते. दुधाचे पैसे तिचे होते, हा पगार घराचा आहे. ती आता माझ्या पत्रकांची चेष्टा करत नाही, आणि ते मला सोसत नाही.

मी पत्रक लिहिलं. आप्पांनी पहिली ओळ दुरुस्त केली. नाना टेस्टर खिशात घालून माझ्याबरोबर चालकांच्या घरी आले, भऱ्यात, उरवड्यात, वाटेवरच्या वस्त्यांवर. लोकांनी पत्रक वाचलं, पाणी दिलं, म्हशीचं ऐकून चुकचुकले. सॉकेट मात्र कुणी उघडू दिलं नाही.

"उघडलं आन् लाल झाली, तर उद्याची ट्रिप तुमी देनार का?" एका घरी चालकानं सरळ विचारलं.

शेवटच्या घरी एक बाई दारात उभी होती, माझ्या वहिनीच्याच वयाची. तिच्यामागं भिंतीवर तसलीच पेटी, तसलाच हिरवा दिवा. पावलं ओली होती, नुकतीच कपडे वाळत घालून आलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडं म्हैस न्हाई," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

ते दार आम्ही उघडू शकत नाही. कंपनी उघडू शकते, आणि कंपनी तुमचं ऐकते, कारण पार्सल तुमचं आहे. म्हणून पुढची गाडी दारात आली की चालकाला विचारा: गाडी घरी चार्ज करता का, आणि अर्थिंग कुणी तपासलं? तो खाली बघेल. त्याची तक्रार करू नका, त्याचं नावही कुठं देऊ नका. पार्सल घ्या, आणि ज्या ॲपवर ते मागवलंत तिथंच, त्याच दिवशी, कंपनीला लिहा की चालकांच्या घरचं अर्थिंग तुमच्या खर्चानं करा, ते होईपर्यंत सगळ्या गाड्या डेपोत भरा आणि एकाचीही ट्रिप काढू नका. शेजाऱ्यालाही लिहायला लावा. त्या बाईच्या दारामागचा दिवा अजून हिरवा आहे.