भेटीचं कारण

साबणाच्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस निवृत्त होतो म्हणजे काय होतं, ते त्याच्या बायकोला विचारावं. तो घरी येतो आणि येताना फाटकही बरोबर घेऊन येतो. गल्लीत सगळे त्यांना जमादार म्हणायचे. त्यांच्या दाराशी, चपलांच्या रॅकवर, एक लांबलचक वही दोरीने बांधलेली असे. नाव, कुठून आलात, भेटीचं कारण, आत, बाहेर. नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही ती भरावी लागे. बायकोच्या सख्ख्या भावाने एकदा कारणाच्या रकान्यात ‘बहीण’ लिहिलं, तर जमादारांनी विचारलं, ‘‘बहिणीचं काय?’’ भाऊ पुन्हा फिरकला नाही.

जमादारांचं एक जुनं दुखणं होतं. एकतीस वर्षांत त्या रकान्यात कुणी खरं लिहिलं नव्हतं. जो तो आपला ‘काम’ लिहून मोकळा. ‘‘कसलं काम?’’ हे दोन शब्द ते झोपेतही बडबडत.

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने आपला संगणक घरी आणून लावला, दर रविवारी आईचं तोंड दिसावं म्हणून. दिसायचे मात्र जमादार. खुर्ची मधोमध ओढून ते बसत, हवापाण्याची चौकशी करत आणि बायको मागे उभी राहून हात हलवी. पण बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती एका बोटाने टाइप करायला शिकली. दुपारी जमादारांचा डोळा लागला की ती मुलीला पत्र लिहायला बसे. अख्ख्या घरात वहीत नोंद न होणारी तिची तेवढीच एक जागा होती, आणि तिला ती जिवापाड प्रिय होती.

निघताना मुलीने बजावलं होतं, ‘‘बाबा, हेरगिरी करणारे प्रोग्राम गुपचूप घुसतात. कोण काय लिहितंय, काय बोलतंय, सगळं बाहेर पाठवतात. ओळख नसलेलं काही आत घेऊ नका. आणि हा राखणदार प्रोग्राम अपडेट मागेल, तेव्हा त्याला नाही म्हणू नका.’’

पहिलं वाक्य ऐकूनच जमादारांचे डोळे चमकले होते. पुढचं त्यांच्या कानावरून गेलं. ट्रंकेतून फाटकावरची टोपी निघाली. संगणकासाठी दुसरी वही आली. पडद्यावर जे जे उगवेल त्याची नोंद होऊ लागली. पहिल्याच दिवशी आत गेले सतरा, आणि बाहेर आला एकही नाही. आता फाटकाचा नियम असा, की आतला शेवटचा माणूस बाहेर पडल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. म्हणून संगणक तीन दिवस चालूच राहिला. जमादार अंघोळीला गेले की बायकोला स्टुलावर पहारा द्यावा लागे. चौथ्या दिवशी वीज गेली, तेव्हा त्यांनी सतराही नावांपुढे लिहिलं, ‘बाहेर, अकरा दहा, सर्व एकदम’, आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

राखणदार प्रोग्रामचं आणि त्यांचं पहिल्यापासून फाटलं. तो रोज लाल अक्षरांत यायचा : ताबडतोब अपडेट करा, अन्यथा धोका! दारात उभं राहून धमक्या देणाऱ्याला जमादारांनी जन्मात कधी आत सोडलं नव्हतं. त्रेचाळीस वेळा त्यांनी त्याला परत पाठवला.

आणि मग एके दिवशी तो दुसरा आला. निळ्या अक्षरांत, अदबीने. ‘आपल्या संगणकाची मोफत साफसफाई. आत येऊ का?’ सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि चौदा पानांच्या अटी. जगात त्या अटी कुणी वाचत नाही. जमादारांनी चष्मा पुसून चौदाही पानं वाचली. नवव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं : ‘या संगणकावर दाबलेल्या प्रत्येक अक्षराची आम्ही नोंद ठेवू आणि दर आठवड्याला मालकास अहवाल पाठवू.’

जमादारांना भरून आलं. ‘‘अगं, इकडे ये,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘एकतीस वर्षांत पहिला माणूस भेटला ज्यानं कारण खरं लिहिलं.’’

‘‘काय लिहिलंय?’’ स्वयंपाकघरातून आवाज आला.

‘‘ते महत्त्वाचं नाही. लपवलं नाही, ते बघ. चोर असं लिहून देतो का कधी?’’

त्यांनी त्याला आत घेतला. वर मालक म्हणून आपला पत्ता दिला.

रविवारी सकाळी अहवाल आला. अकरा पानं. बायको भाजी आणायला गेली होती. पहिलं पान जमादारांच्याच टायपिंगचं होतं, दुसऱ्यावर सोमवारचं पत्र सुरू झालं. इथं त्यांनी थांबायला हवं होतं. फाटकावर पिशव्या उघडायच्या, पण कुणाची चिठ्ठी वाचायची नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. तो त्यांनी त्या दिवशी मोडला.

अहवालात लिहिलेलं तर होतंच, खोडलेलंही होतं.

सोमवार. ‘तुझ्याकडे येऊन राहू का थोडे दिवस.’ खोडलं. ‘इथं सगळं ठीक आहे.’ मंगळवार. ‘फार एकटं वाटतं गं. येऊ का.’ खोडलं. ‘बाबा मजेत आहेत.’ बुधवार. ‘येऊ का.’ खोडलं. ‘गुडघा बरा आहे.’ असं शनिवारपर्यंत. ‘येऊ का’ सहा वेळा लिहिलं होतं आणि सहाही वेळा तिने स्वतःच ते परत पाठवलं होतं.

जमादारांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. सगळ्या गावाला कारण विचारत बसलेल्या माणसाने घरातल्या माणसाला एकदाही काही विचारलं नव्हतं, आणि आता विचारायच्या आधीच चोरून वाचलं होतं. त्यांनी निळ्या अक्षरांवाल्याला हाकलायला घेतलं. तो जाताना म्हणाला, ‘आम्हाला वाईट वाटतं. जाण्याचं कारण निवडा.’ जमादार त्याला जे बोलले ते इथं देण्यासारखं नाही. मग त्यांनी राखणदाराला इतक्या दिवसांनी आत घेतलं, तेही उभं राहून, सलाम ठोकून. त्याने झाडझूड करून निळ्याच्या उरल्यासुरल्या खुणा पुसल्या.

बायको पिशवी घेऊन आली, तेव्हा संगणकाची वही उघडी होती. शेवटच्या ओळीत जमादारांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. कुठून : घरातूनच. कारण : बायकोची पत्रं वाचली, खोडलेलीसुद्धा. आत : नऊ वीस.

तिने दोनदा वाचलं. भाजीची पिशवी हातातच राहिली. जमादारांना वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘‘बाहेर पडल्याची वेळ राहिलीय,’’ ती म्हणाली.

जमादारांनी वेळ लिहिली, टोपी घातली आणि खोलीबाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले. आत रविवारचा फोन लागला. आज खुर्चीत बायको होती. आधी बोलणं हळू होतं, मग रडणं ऐकू आलं, मग चक्क हसणं. तास होऊन गेला. जमादारांनी कान टवकारले नाहीत. म्हणजे टवकारले, पण मग स्वतःशीच फाटकावरचे नियम मोठ्याने म्हणू लागले.

पुढच्या शनिवारी ती बॅग घेऊन दारात आली. काढून टाकण्यासाठी जमादारांनी वही दोरीतून सोडवायला घेतली होती, तेवढ्यात तिनेच पेन उचललं. नाव लिहिलं. बाहेर जाण्याची वेळ लिहिली. परतीची जागा कोरी ठेवली. कारणाच्या रकान्यात एक शब्द लिहिला आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

‘काम.’

जमादारांनी तो शब्द वाचला, तोंड उघडलं, मिटलं, आणि तिची बॅग उचलून रिक्षापर्यंत नेऊन दिली.